सुटलो आणि सुटलं

ताई : त्यांचा कप आत ठेव. सख्ख्या मेव्हण्याला ओंडक्यासोबत हवेत लटकवणाऱ्याला आज माझ्या हातचा चहा नाही.

खारू : ताई, हळू. दाजी पायरीवरच बसलेत.

ताई : ऐकू दे की. इतकी वर्षं क्रेन चालवतात आणि नेमका माझ्याच भावाच्या वेळी हात चुकला? बरगडीला तडा गेलाय तुझ्या.

खारू : त्यांचं काम गेलंय.

ताई : जाणारच. स्वतःच मुकादमाला म्हणाले, खारूचं "सुटलो" आलं का ते न बघताच मी ओंडका उचलला.

खारू : आलं होतं.

ताई : काय आलं होतं?

खारू : "सुटलो." मी म्हणालो होतो. हे बघ, झाड तोडताना फांदीपर्यंत क्रेनच नेते मला. माझा दोर हुकाच्या वरच्या कडीला असतो. ओंडक्याला पट्टा घातला, की आपला दोर क्रेनवरून काढायचा, खाली सरकून खोडाला बांधायचा आणि वॉकीटॉकीवर म्हणायचं, "सुटलो." त्याशिवाय करवत चालवायची नाही. ओंडका कापून वेगळा झाला की "सुटलं". मग दाजी उचलतात.

ताई : तू दोन्ही म्हणालास?

खारू : दोन्ही.

ताई : मग तू कसा वर गेलास त्याच्याबरोबर?

खारू : दोर काढलाच नव्हता.

(ताई हातातलं फडकं घडी घालत राहते.)

ताई : विसरलास?

खारू : विसरलो असतो तर बरं झालं असतं. कंटाळा केला. दर ओंडक्याला काढा, सरका, बांधा. खाली बघे जमले होते, म्हटलं, जरा झपाझप काम दाखवू.

ताई : आणि मघापासून मी त्यांना वाट्टेल ते बोलतेय, ते तू इथे बसून ऐकतोयस?

खारू : हो.

ताई : चहा पीत.

खारू : हो.

ताई : अहो, आत या.

दाजी : आलो. तुम्हा भावंडांची कुजबुजसुद्धा रस्त्यापर्यंत जाते.

ताई : खोटं का सांगितलंत मुकादमाला?

दाजी : खाली उतरवला तेव्हा लटलट कापत होता तो. चार लोकांत त्याला काय विचारायचं? आणि अगदीच खोटं नव्हतं ते. हुकापाशी त्याचा पिवळा दोर दिसत होता मला.

खारू : दिसत होता?

दाजी : दिसत होता. म्हटलं, ऊन डोळ्यावर येतंय, काहीतरी भास होतोय. तू तोंडाने सुटलो म्हणालास ना, मग सुटलाच असणार. आपला माणूस खोटं कशाला बोलेल?

खारू : दाजी, असं नका बोलू. त्यापेक्षा एक ठेवून द्या.

दाजी : बरगडी सांभाळ आधी.

खारू : उद्या मुकादमाला सांगतो सगळं.

दाजी : तुला पुन्हा झाडावर चढू देणार नाहीत.

खारू : माहितेय.

ताई : मग उद्या कशाला? हा घे फोन. अहो, तुम्ही बसा, चहा गरम करते.

खारू : दाजींसमोर नको, ताई. लाज वाटते.

ताई : वाटू दे.

खारू : हॅलो... मुकादम, मी खारू. नाही, दुखणं बरंय. ते सकाळचं... मी सुटलो म्हणालो होतो. सुटलो नव्हतो.