काळा डबा बंद

आमच्या कॅलिफोर्नियातल्या नगरभवनात शून्य कचऱ्याच्या आराखड्यावर सुनावणी होती. नागरिकाला बोलायला मिळणाऱ्या दोन मिनिटांची वाट बघत लोरेटा सभागृहाबाहेरच्या बाकावर बसली होती. कचरा निवडायच्या सरकत्या पट्ट्यावर तिची अकरा वर्षं गेली होती. शेजारी आराखडा बनवणारे दोघं कॉफी पीत होते.

"काळा डबाच काढून टाकायचा, ग्रेस. कचऱ्याचा डबा नाही म्हणजे कचरा नाही."

"वा. मग दवाखाने बंद करू, आजारही संपतील."

"चेष्टा नको. निळ्या डब्यात पडलं की ते पुनर्वापरात धरतात."

"डायपरसुद्धा?"

"डायपरसुद्धा."

"आणि इंजेक्शनच्या सुया?"

"त्या पट्ट्यावर वेगळ्या काढतात ना."

"कोण काढतं, वेन्डल?"

"असेल काहीतरी यंत्र."

लोरेटाने पट्टी बांधलेलं बोट मुठीत धरलं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठून दाराशी आली, तर निळ्या, हिरव्या आणि काळ्या डब्यांसमोर तिच्या आधीच उठलेला वेन्डल रिकामा कप घेऊन घुटमळत होता.

"बाई, हा नक्की कशात टाकायचा हो?"

"निळ्यात टाका, साहेब. रोज सकाळी सातपासून ते यंत्र मीच असते."