सुकदेव भाऊंच्या अर्जातला एक शब्द

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन आदरणीय दीपचंद शेठ, मुख्याध्यापिका दिपमाला मॅडम, व्यासपीठावर विराजमान सर्व मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती सुकदेव भाऊ, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कमलबाई वहिनी, पुण्याहून रजा काढून आलेली त्यांची लेक किरण, माझे शिक्षक बंधू-भगिनी, आजी-माजी विद्यार्थी आणि चोपडा तालुक्याच्या गावागावांतून आलेले पालकहो, आपणा सर्वांना पितांबर बोरसेचा नमस्कार.

मॅडम मला म्हणाल्या, सर, तुम्ही एकोणतीस वर्षं सुकदेव सरांच्या शेजारच्या वर्गात शिकवलंत, तेव्हा तुम्हीच बोला, पाचच मिनिटं. शेठजी, मला पाचापेक्षा थोडी जास्त लागतील. आपण मघाशी घड्याळाकडे पाहिलंत ते माझ्या लक्षात आलंय, पण आज सांभाळून घ्या.

आधी एक गोष्ट कबूल करतो. मी मघापासून इथे बसून हार मोजत होतो. एकवीस झाले. शाली वेगळ्या. आपल्या वरणगावच्या फॅक्टरीत असलेली बॅच तर अख्खी गाडी करून आली. पुढच्या वर्षी मे महिन्यात मीही निवृत्त होतोय. त्या दिवशी या हॉलमध्ये किती खुर्च्या भरतील, याचा हिशेब मी मनातल्या मनात करून बसलो आणि उत्तर काही बरं आलं नाही. आज ज्या माणसाचा सत्कार आहे, त्याच्याबद्दल मला हे आजच वाटतंय असं समजू नका. एकोणतीस वर्षं वाटतंय.

निरोपाच्या भाषणात थोडं गोड खोटं चालतं, हे मला ठाऊक आहे. मीही तसंच भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच राहू द्या.

सुकदेव भाऊ मूळचे विज्ञानाचे शिक्षक. इंग्रजीची एक जागा रिकामी पडली, ती काही भरेना, म्हणून आठवीची ब तुकडी त्यांच्या गळ्यात घातली. अ तुकडी माझ्याकडे. मी इंग्रजीचा एम. ए., तोही पहिल्या वर्गात. मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता, आणि पलीकडे बाजार. पोरं चुकीचं इंग्रजी मोठमोठ्यानं बोलायची आणि भाऊ म्हणायचे, "बोला रे पोरंहो. चुकनं तं मी शे ना."

मी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली. एकदा नाही, तीनदा. काही झालं नाही. झालं ते उलटंच. शिक्षण विस्तार अधिकारी तपासणीला आले, माझ्या वर्गात पाच मिनिटं थांबले, पोरांनी काळांचे नियम घडाघडा म्हणून दाखवले. मग ते ब तुकडीत गेले आणि पाऊण तास बाहेर आले नाहीत. भाईदासच्या म्हशीला रेडकू झालं ही हकीगत त्या वर्गानं त्यांना इंग्रजीतून सांगितली. चुका शंभर होत्या. साहेब मात्र हसत बाहेर पडले आणि जाताना माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

जून महिना आला की पालक यायचे. सर, राग मानू नका, पण आमच्या मुलीला ब मध्ये टाका. ठीक आहे, पालक आहेत, त्यांना काय कळतं. पण माझी स्वतःची मुलगी नूतन आठवीत गेली आणि घरी जेवताना म्हणाली, पप्पा, मला ब तुकडी पाहिजे. मी हातातला घास खाली ठेवला होता. ते ताट मला अजून दिसतं.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

बारा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या ग्रामीण शिक्षकांसाठी इंग्लंडमध्ये सहा आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं. आपल्या दोन जिल्ह्यांतून मिळून एकच शिक्षक जाणार होता. मुलाखत धुळ्याला. आपल्या शाळेतून दोन अर्ज झाले, एक माझा आणि एक यांचा. अर्जात स्वतःबद्दल एक पान इंग्रजीत लिहायचं होतं. सुकदेव भाऊ ते पान घेऊन स्टाफरूममध्ये माझ्याकडे आले. माझ्याकडेच आले, हे लक्षात घ्या. म्हणाले, "पितांबर भाऊ, मनं इंग्रजी तुमले माहीतच शे. एकदा नजर टाका."

निळ्या शाईत, मोत्यासारखं अक्षर. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं, आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर माय स्टुडंट्स फॉर नाइन्टीन इयर्स. आणि खाली, माय स्टुडंट्स ऑल्सो स्टडी हार्डली.

इथे बसलेल्या पालकांसाठी थोडं शिकवतो, जन्माची सवय आहे. इंग्रजीत स्लोला ली जोडलं की स्लोली होतं, म्हणजे हळूहळू. क्विकचं क्विकली, म्हणजे पटकन. मग हार्ड म्हणजे कष्टाचं, तर हार्डली म्हणजे कष्टानं, असं कुणालाही वाटेल. नियम पाळणाऱ्या माणसाला तर वाटेलच. पण तसं नाही. कष्टानं म्हणायचं असेल तर नुसतं हार्डच म्हणायचं. ही वर्क्स हार्ड. हार्डलीचा अर्थ जेमतेम, नसल्यातच जमा. शेतात हार्डली पाणी आहे म्हटलं, की विहीर कोरडी समजायची. त्याच्यासोबत नॉट लावायचं नसतं, कारण नकार त्याच्या पोटातच असतो. म्हणजे भाऊंनी लिहिलं होतं, मी एकोणीस वर्षं विद्यार्थ्यांसाठी जवळजवळ काहीच काम केलेलं नाही, आणि माझे विद्यार्थीही अभ्यास करत नाहीत.

ती ओळ मी दोनदा वाचली. पेन माझ्या खिशात होतं. दोन्ही ओळींतली दोनच अक्षरं खोडायची होती, एल आणि वाय, आणि वरच्या ओळीत हार्ड एक शब्द पुढे सरकवायचा होता.

मी पान परत दिलं आणि म्हणालो, "छान झालंय."

त्यांनी माझे दोन्ही हात धरून आभार मानले. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी न वाचताच सही केली, कारण भाऊंनी त्यांना सांगितलं, पितांबर सरांनी बघितलंय.

मुलाखतीला आम्ही एकाच एसटीनं गेलो. चोपड्याहून अमळनेरमार्गे धुळे. वहिनींनी कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता, दोघांपुरता. तीन तास आम्ही मांडीला मांडी लावून बसलो होतो. इंग्लंडला थंडी किती असेल, तिथल्या शाळेत पोरं खाली बसतात का बाकावर, असं काय काय ते विचारत होते. किरणसाठी तिकडून काय आणायचं तेही त्यांनी ठरवून टाकलं होतं. अमळनेर गेलं, पारोळ्याचा फाटा गेला. प्रत्येक थांब्यावर मला वाटलं, आता सांगावं. अर्ज आत गेला असला तरी तोंडी सांगता येतं, साहेब, लिहिताना चूक झाली. मी ठेचा खात राहिलो.

आधी त्यांना बोलावलं. मी बाहेर बाकावर. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. नंतर पुन्हा आला, जास्त मोठा. ते बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला होता. मला म्हणाले, फार दिलखुलास मंडळी आहेत भाऊ, तुम्ही अजिबात घाबरू नका. त्यांना विचारलं होतं, तुम्ही खरंच हार्डली काम करता का? आणि यांनी छाती पुढे काढून सांगितलं होतं, येस सर, व्हेरी हार्डली.

मग मी आत गेलो. मधल्या गृहस्थांनी भाऊंचा अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, हे तुमच्याच शाळेतले का? मी हो म्हटलं. ते तिघंही पुन्हा हसले.

आणि मीही हसलो.

अर्ज न सुधारणं ही एक गोष्ट झाली. पण त्या खोलीत मी जे हसलो, ते मला आजवर कुणापुढे उच्चारता आलेलं नाही. आज वहिनी समोर बसल्यात, किरण बसलीये, त्यांच्यापुढे उच्चारतोय.

निवड माझी झाली. याच हॉलमध्ये माझा सत्कार झाला आणि हार घातला सुकदेव भाऊंनी. मी सहा आठवडे जाऊन आलो. तिथलं काय आठवतं म्हणाल तर फार काही नाही. फोटो पुष्कळ आहेत.

किरण तेव्हा दहावीत होती. वडिलांच्या अर्जाची कच्ची प्रत तिच्या हाती लागली, तिनं शब्दकोश काढला आणि बापाला अर्थ सांगितला. मला हे कसं कळलं? पार्टिशनमधून कळलं. पुढच्या जूनमध्ये पलीकडून भाऊंचा आवाज आला. पोरांना ते स्वतःची फजिती सांगत होते, नाव-गावासकट, येस सर व्हेरी हार्डलीसकट. वर्ग हसून हसून लोळत होता आणि तेही हसत होते. मी फळ्यासमोर खडू धरून उभा होतो. मग एका मुलीनं विचारलं, सर, अर्ज कुणाला दाखवला नव्हता का? माझ्या हातातला खडू मोडला.

ते म्हणाले, "नही बेटा. मी कोनलेच दखाडा नही."

तेव्हापासून दर जूनमध्ये हा धडा होतो. ब तुकडीतलं पोरगं हा शब्द जन्मात चुकत नाही. माझ्या अ तुकडीत मी नियम लिहून देतो, अपवाद लिहून देतो, पाच-पाच वाक्यं लिहायला लावतो, आणि तरी दर परीक्षेत दहा-बारा जण लिहितातच, माय फादर वर्क्स हार्डली. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचाही हेवा वाटला. हा माणूस हरला तरी त्यातून धडा काढतो, आणि मी जिंकून आलो तरी मला वर्गात सांगण्यासारखं काही नाही.

त्याहून मोठा हेवा वेगळाच होता. मी धरून चाललो होतो की यांना सगळं कळलंय. पितांबरनं जाणूनबुजून केलं हे ओळखून ते मला पाठीशी घालताहेत. त्यांचा हा मोठेपणा मला बारा वर्षं खुपत होता. एकदा भांडले असते, चार लोकांत माझी लाज काढली असती, तर मी मोकळा झालो असतो. त्यांनी तेवढंही दिलं नाही असं वाटून मी त्यांच्यावरच चिडायचो. शिरपूरच्या लग्नात एका पंगतीला बसायचं टाळलं. त्यांच्या आईच्या दहाव्याला गेलो, पण मागच्या मागे निघून आलो.

गेल्या महिन्यात मानपत्रासाठी माहिती हवी होती, म्हणून त्यांच्या घरी गेलो. भाऊ केळीच्या बागेत गेले होते. वहिनींनी चहा टाकला. बोलता बोलता विषय निघाला आणि मला राहवलं नाही. मी विचारलं, वहिनी, अर्ज मी पाहिला होता हे भाऊ कधीच कुणाला का सांगत नाहीत? वहिनी पदर सावरत हळूच म्हणाल्या,

"त्यासले वाटस, तुमले बी तो शब्द माहीत नव्हता. कोनले सांगू नको म्हनतस. इतला शिकेल मानूस, पोरंस्मा इज्जत जाई."

म्हणजे त्यांना वाटतं, पितांबरलाही तो शब्द येत नव्हता. एवढा शिकलेला माणूस, पोरांमध्ये त्याची अब्रू जाईल, म्हणून हे बारा वर्षं गप्प. त्यांनी मला क्षमा वगैरे केलेली नव्हती. क्षमा करण्यासारखं काही घडलंय, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. आपल्याला जसं ठाऊक नव्हतं तसं यालाही नसेल, एवढंच त्यांना वाटलं.

आणि माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? पश्चात्ताप? नाही. मला राग आला. मला, पहिल्या वर्गातल्या एम. ए.ला, हार्डली येत नाही? मी चहा अर्धा टाकून उठलो. घरी येईपर्यंत रस्ताभर स्वतःशी भांडत होतो की या माणसाला जाऊन सांगावं, मला तो शब्द चांगला येत होता. दार उघडताना माझ्या ध्यानात आलं की हे सांगायचं तर दुसरंही सांगावं लागेल. येत होता, म्हणूनच तर गप्प बसलो.

दोन दिवस मी ठरवत होतो, लोकांनी मला अडाणी समजलेलं बरं की खोटा समजलेलं. अडाणी राहणं सोपं होतं. त्यात भाऊंची सावलीही मिळत होती. पण त्यांच्या मनात माझं जे चित्र आहे ते त्यांच्या भलेपणानं काढलेलं आहे, आणि ते घेऊन निवृत्त व्हायला मी लायक नाही. घरी जाऊन एकट्यात सांगता आलं असतं. पण ते पोरांपुढे माझी अब्रू राखत आले, तेव्हा पोरांपुढेच सांगायला हवं.

भाऊ, तुम्ही उठू नका. बसा. वहिनी, त्यांना बसवा.

किरण, इंग्लंडहून तुझ्यासाठी जे यायचं होतं ते आलं नाही, त्याला कारण मी आहे. तुझ्या बापाचं इंग्रजी नव्हे.

मॅडमनी बोलू दिलं, शेठजींनी अडवलं नाही, तुम्ही सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलंत, मी आपला ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, मानपानात काही उणं-अधिक झालं असेल, शुभ दिवशी भलतंच बोललो असं वाटलं असेल, तर ती माझी चूक समजून सभागृहानं पोटात घालावी.

सुकदेव भाऊंकडे मात्र मी चुकीची माफी मागत नाही. चूक नकळत होते. भाऊ, मला माहीत होतं.