शेवटून दुसरी

हॅलो?… हां, बोल गं छोटे… अगं ऐकू येतंय मला, ओरडू नकोस… सायकलच्या दुकानात… दुकानात गं, सायकलच्या! नाही नाही, विकायला नाही आले, मागचा ब्रेक दाखवायला आलेय. उद्या सकाळी जायचंय ना… तिसऱ्या क्लबबरोबर. हो, तिसऱ्या. दोन झाले बघून.

हस. हस तू. मोठ्या बहिणीला हसायला तुला बरं जमतं.

कोण? तुझा शेजारी?… आज संध्याकाळी? आजच हवीय त्याला सायकल?… अगं पण तूच म्हणालीस ना, ताई, हवे तितके दिवस ठेव म्हणून… हो, तुझ्या नवऱ्याची आहे, मला माहीत आहे. बाल्कनीत उभी होती तेव्हा तिच्यावर टॉवेल वाळत होते, तेव्हा नाही कोणाला तिची आठवण आली… चिडत नाहीये. नाही गं चिडत. घाबरलेय.

उद्याला. दुसरं कशाला? आज लॅबमध्ये एका कवळीत दाढेच्या जागी सुळा बसवला मी… हो! साहेबांनी चष्मा काढून बघितलं, म्हणाले, बाई, हा माणूस जेवणार की कोणाला चावणार? परत सगळं मेण उकरून काढलं… अगं इतकी वर्षं दात करतेय, झोपेतसुद्धा चुकत नाही माझा हात. पण लक्षच नाही ना जागेवर.

हो दादा, मागचाच. पुढचा लागतो, मागचा नुसताच किंचाळतो… नाही गं, तुला नाही, मेकॅनिकदादांना सांगतेय.

तुला नाही कळायचं ते. तू त्या मोठ्या सायकल-फेरीच्या दिवशी नव्हतीस ना. अगं, हजारभर माणसं! सगळा रस्ता अडवलेला, एक गाडी नाही, नुसत्या सायकली. आणि कसली कसली माणसं… टक्कल पडलेले, ढेरीवाले, माझ्याहून मोठ्या बायका. एकाने तर मागच्या सीटवर मांजर बसवलं होतं, टोपलीत. आणि त्यात मी. कोपऱ्यावर दूध आणायला गाडी काढते ती मी, पन्नास किलोमीटर… शेवटी ती कमान दिसली ना, छोटे, मी चक्क रडले. भोकाड पसरून. लाज नाही वाटली.

आणि दुसऱ्या दिवशी काय? तीच लॅब, तेच प्लॅस्टर, नखांत तेच गुलाबी मेण. आणि रस्त्यावर बघते तर फक्त गाड्या. मला कळेना, ती हजार माणसं गेली कुठे? जमिनीत गडप झाली?… तेच तर शोधतेय मी त्या दिवसापासून.

एकटीने? गेले ना एकटीने. एकदा कुत्रा मागे लागला. एकदा चेन निघाली आणि मी रस्त्याच्या कडेला काळे हात घेऊन उभी, नाक खाजतंय आणि खाजवता येत नाही… हसू नकोस. आणि एकटीने गेलं की डोक्यात तेच ते येतं गं. घर, वीजबिल, आईचा गुडघा, ह्यांच्या बदलीचं काय होणार. त्या दिवशी यातलं काही म्हणजे काही नव्हतं डोक्यात. नुसती पुढच्या माणसाची टाच दिसत होती, वर खाली, वर खाली. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आता हे कोणाला सांगू? ह्यांना सांगितलं तर म्हणतात, मग माझी टाच बघ.

पहिला क्लब ना? सांगितलं होतं की तुला… अगं ते पुलावाले! ‘सर्वांचं स्वागत’ असं लिहिलं होतं. स्वागत केलं आणि पुलावर सोडून दिलं. चढ चढून वर येते, बघते, तर एक माणूस नाही. लांब लाल दिव्यांचे ठिपके, बस. मी हाक मारली गं. अहो थांबा, अहो थांबा म्हणून. भर रस्त्यात. कोणी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही… परत येताना रस्ता चुकले. घरी आले तेव्हा ह्यांनी विचारलं, कशी झाली राईड? म्हटलं, छान. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

नाही सांगितलं तेव्हा. काय सांगणार?

दुसरा बायकांचा. चांगल्या होत्या बिचाऱ्या. पण पायडल कमी, फोटो जास्त. दर झाडाखाली उतरायचं आणि सायकलला टेकून उभं राहायचं. मी आपली घामाने निथळतेय आणि ह्या म्हणतात, ताई, जरा हसा.

हो ना, म्हणून हा तिसरा. ह्यांचा नियमच आहे म्हणे, कोणालाही मागे टाकायचं नाही… अगं पण पुलावाल्यांनीही स्वागत लिहिलं होतंच ना! लिहायला काय जातंय? उद्या परत तसंच झालं ना, छोटे, तर मग घेऊन जाऊ दे तुझ्या शेजाऱ्याला सायकल. परत नाव नाही काढणार मी… उद्या दुपारपर्यंत थांबव ना त्याला. नाही थांबत? दुसरी बघून ठेवलीय म्हणतो? असा कसा घोड्यावर बसलाय हा माणूस!

काय म्हणालीस?… शेवटची? कोण शेवटची आली होती? ए, मी शेवटची नव्हते हां. शेवटून दुसरी होते… फरक आहे. चांगला जमीन-अस्मानाचा फरक आहे. लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी केक कापला माझ्यासाठी, आणि साहेब म्हणाले, शेवटून दुसरी म्हणजे कोणाला तरी हरवलंच की तुम्ही.

माझ्या मागे ते काका होते ना. नारिंगी जॅकेटवाले. सांगितलं नव्हतं तुला?… अगं, पांढरी दाढी, जरा जाडसर, पाठीवर ही एवढी पिशवी. अर्ध्यापासून माझ्या मागेच. आणि त्यांच्या मागे तो टेंपो, दमलेल्यांना उचलणारा. मला त्या टेंपोची इतकी धास्ती! सारखी मान वळवून बघायचे. पण बघितलं की आधी काका दिसायचे आणि जीव भांड्यात पडायचा. म्हटलं, उचललंच तर आधी ह्यांना उचलतील.

दुष्ट काय त्यात? मी किती सांभाळलं त्यांना! प्रत्येक वळणावर त्यांना दम लागायचा. सायकल लावायचे आणि खांबापाशी वाकून उभे राहायचे. मी आपली पुढे जाऊन थांबायचे, दुसरीकडे तोंड करून. दम लागलेल्या माणसाकडे टक लावून बघू नये ना, लाजतात. आले की म्हणायचे, चला काका, जमेल तुम्हाला. अर्धं केळं दिलं. सीट वर घ्या म्हटलं, गुडघे दुखणार नाहीत. आणि ती पिशवी बघून म्हटलं, काका, एवढं ओझं कशाला आणायचं? माणसाने आपला आवाका बघावा.

हो, असं म्हटलं. प्रेमाने म्हटलं.

खरं सांगू का तुला? मला क्लबबिब काही नकोय. मला ते काका हवेत. माझ्यापेक्षा हळू चालवणारा एक माणूस या जगात आहे, तो मिळाला की झालं. आम्ही दोघं जाऊ रडतखडत. पण नाव विचारायचं राहिलं बघ. कमानीपाशी एवढी गर्दी, आणि मी रडत होते…

थांब हं. ह्या दादांनाच विचारते. दादा, तुमच्याकडे एक काका येतात का हो, नारिंगी जॅकेट घालतात, पांढरी दाढी… हो, जाडसर. हँडलला बेडकाची घंटी आहे… बरोबर, बेडूक! छोटे, ओळखतात हे त्यांना! अगं ओळखतात!… हां दादा, तेच. फार हळू चालवतात बिचारे, मी म्हटलं त्यांना सोबत… का हसताय?

काय झालं हसायला?

काय म्हणालात?… मुद्दाम? मुद्दाम मागे राहतात म्हणजे?… थांब गं छोटे. थांब म्हटलं ना एक मिनिट… त्यांचं कामच ते? सगळ्यात शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं… म्हणजे तो जिथे असेल तिथे?

छोटे… काही नाही. काही नाही म्हटलं ना.

ते काका दमले नव्हते गं. त्यांना नेमलं होतं मागे. शेवटचा माणूस वाटेत एकटा पडू नये म्हणून. त्यांना मोजणीत धरतच नाहीत… कळलं का तुला? म्हणजे मी शेवटचीच होते. हजार माणसांत एकदम शेवटची, आणि केक कापून बसले.

आणि ते वळणावर… हो का दादा? अरे देवा. बाण काढत होते गं ते! रस्ता दाखवायला खांबांना बाण बांधतात ना, ते. शेवटचा माणूस गेला की ते सोडून घ्यायचे आणि पिशवीत भरायचे. म्हणून ती पिशवी फुगत होती! आणि मी त्यांना आवाका शिकवतेय! जिच्यामुळे ओझं वाढतंय तिनेच वर… तोंड दाखवायला जागा नाही. सीट वर घ्या म्हटलं मी त्यांना. हे दादा सांगतायत, काका डोंगर ओलांडून आलेत सायकलवर, एकदा नाही, दरवर्षी जातात.

हस ना. आता हस की.

नाही… रडत नाहीये… अगं, मला वाटलं होतं तेवढं एक तरी मी कमावलं. मोठं काही नाही, शेवटून दुसरी. तेसुद्धा उधारीचं निघालं… राहू दे. सांग तुझ्या शेजाऱ्याला, येऊन घेऊन जा म्हणावं. आजच. हो, नक्की. उद्या कुठे परत त्या पुलावर हाका मारत बसू? दादा, राहू द्या तो ब्रेक, घेणारा बघेल त्याचं तो.

काय?… कुठला क्लब? उद्याचा? तोच?… काका त्याच क्लबचे? छोटे, हा तिसरा क्लब त्यांचाच आहे… आणि आत्ता येतायत? इथे? ट्यूब न्यायला? दादा, मागून रस्ता आहे का हो बाहेर पडायला? नाही? शटर तरी…

बेडूक वाजला. छोटे, बेडूक वाजला दारात.

हॅलो काका… नाही नाही, फोनवर बहीण आहे, तुम्हालाच हॅलो… हो. मीच ती. केळंवाली… हो, बरी आहे… काका, मला खरंच माहीत नव्हतं हो. मी काय काय बोलले तुम्हाला. ते सीटचं… घेतली? वर घेतली? आणि गुडघा?… अय्या, खरंच?

तू ठेवू नकोस गं फोन, धरून राहा.

मला शोधत होतात? मला कशाला?… हो, थांबले होते. प्रत्येक वळणावर. मग काय करणार, मला वाटलं तुम्हाला दम लागलाय, एकट्याला कसं सोडायचं… टेंपो येत होता, दिसत होता की. भीती वाटत होती, पण… नाही, तुम्हाला टाकून कशी जाणार होते?

कोणीच नाही? इतक्या वर्षांत?

छोटे, हे म्हणतायत, इतकी वर्षं मागे राहिलो, पण माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं… हो गं, असंच म्हणाले. आत्ता. माझ्यासमोर उभे आहेत.

काय, काका?… उद्या? तिघे नवीन येतायत? हां… त्यांच्या मागे? मी? अहो, मी कशी? मला कुठे रस्ता माहीत… बाण आहेत, खरंच की. लावणार तुम्ही आणि काढायचे मी. पण मला वेग नाही हो काका, माझा वेग म्हणजे तुम्ही बघितलाय… तेवढाच लागतो? मागे राहायला?… आणि त्यांची चेन निघाली तर? चढावर कोणी खचलं तर काय म्हणायचं?… तेच? जे तुम्हाला म्हणत होते तेच?

बघते. नाही, बघते म्हणजे… येते. येते ना.

हॅलो, आहेस का?… ऐकलंस? मग शेजाऱ्याला काय सांगशील? सांग, सायकल रिकामी नाही. चिडला तर चिडू दे, आणि तुझा नवरा चिडला तर त्याला म्हणावं, टॉवेल वाळत घालायला मी दोरी बांधून देते.

भीती? वाटतेय ना. पण मघाशी माझी वाटत होती, आता त्या तिघांची वाटतेय. त्यातल्या एकीने आजवर गल्लीच्या बाहेर चालवली नाहीये म्हणे. पुलाच्या चढावर ती मागे पडली तर?… हो. हो गं. मी असेनच की. तिच्या मागे.

कितवी येणार? शेवटची! उद्या अगदी शेवटची. लॅबमध्ये सांगणार आहे मी सगळ्यांना… बरं, ठेवते आता. काका जॅकेट काढून देतायत, होतंय का बघते… हो, नारिंगी. ठेव, ठेव.

दादा, तो मागचा ब्रेक नीटच करा हां. उद्या माझ्या पुढे नवीन माणसं आहेत.