दोनशे दहा पावलं

“पाय माझा आहे, कुणाच्या बापाचा नाही!” हे असं ओरडणं, तुम्हाला सांगते, पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून, डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आडवं पडून! आमचे हे! आणि का? तर ती नातीच्या वयाची पोर म्हणाली, “आजोबा, सिगारेट बंद.” झालं! पन्नास वर्षं मी तेच म्हणतेय, तेव्हा नुसता धूर सोडायचे...

पण थांबा, मुळापासून सांगते, कारण हा रोग मी शोधलाय, मी! शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं रद्दीतली पुस्तकं वाचून शिकले. पण मोजता येतं मला. दोनशे दहा पावलं!

रोज संध्याकाळी आम्ही फिरायला निघतो. वर्षभर काय चाललेलं, की हे मध्येच थांबायचे. कुठे? बायकांच्या आतल्या कपड्यांच्या दुकानासमोर! काचेला नाक लावून! सत्तरी उलटलेला माणूस! मी म्हटलं, “काय बघताय?” “काही नाही गं... सेल लागलाय.” सेल! दोन-तीन मिनिटं सेल बघायचा आणि टुणटुणीत होऊन चालू लागायचं! त्यात एक दिवस आतल्या विक्रेत्या बाईनं यांना ओळखीचा हात केला, मग माझ्या डोक्यात काय काय आलं असेल, तुम्हीच सांगा!

मी रस्ताच बदलला. तिकडे दुकान नाही, बाई नाही, कारखान्याची कोरी भिंत नुसती. आणि हे थांबले! भिंतीसमोर! “आता काय बघताय?” “गिलावा... काय सुरेख केलाय!” अहो, गिलाव्यावर कुणी भाळतं का? तेव्हा माझी ट्यूब पेटली. दुसऱ्या दिवशी मोजत गेले. घर ते भिंत, दोनशे दहा पावलं. घर ते दुकान? दोनशे दहा पावलं! आणि यांचा एक हात हळूच पोटरीवर... दुखत होतं हो, वर्षभर दुखत होतं, आणि बायकोला सांगायची लाज!

ओढत नेलं डॉक्टरीणबाईंकडे. बाईंनी दंडाला बांधतात तो पट्टा घोट्याला बांधला, पावलावर नाडी शोधली, सापडेना. म्हणाल्या, “आजोबा, पायाची रक्तवाहिनी आतून बुजत आलीय. हाताला जेवढा दाब, त्याच्या निम्माच घोट्याला पोचतोय. कितीवर दुखतं?” हे तोंड उघडायच्या आत मी, “दोनशे दहा पावलं!”

“ऑपरेशन आत्ता नको. गोळ्या घ्या, रोज चाला, दुखलं की थांबा, दुखणं थांबलं की पुन्हा चाला. पण सिगारेट सुटली नाही, तर आज पोटरी, उद्या बोटं काळी पडतील, आणि मग पाय कापावा...” तिथे हे उसळले. “पाय माझा आहे! कापा! चाकाच्या खुर्चीत बसेन!”

जीभ माझीही शाबूत होती. एकच वाक्य बोलले, आणि यांनी खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून बाईंच्या टेबलावर ठेवलं, वर लायटरही. आज, सहा महिन्यांनी, चारशे पावलं न दुखता चालतात. तरी पुन्हा जुन्याच रस्त्यानं नेतात आणि दोनशे दहाला दुकानासमोर थांबतातच, वर ऐटीत, “डॉक्टरांनीच सांगितलंय!” काय करता? थांबते मीही. कारण त्या दिवशी मीच म्हटलं होतं ना, “खुशाल बसा खुर्चीत, ढकलीन मी जन्मभर, पण सांगून ठेवते, त्या दुकानासमोर खुर्ची थांबायची नाही!”