चौदाव्या मजल्यावरची शेकोटी

अरे, आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, माजिवड्यात चौदाव्या मजल्यावर हॉलमध्ये दगडी फायरप्लेस बांधून घेतली. मनालीला पाहून आलेले ना! इथे डिसेंबरातही पंखा तीनवर, पण साहेबांना लाकडं जाळायची होती.

आत बसेल अशी शेगडी निवडायला मला घेऊन गेले. सगळ्यात मोठी पसंत केली. दुकानदाराने विचारलं, "धुराचा पाइप कुठून काढणार?"

"सरळ वर."

"वर गच्ची आहे?"

"नाही, जोशीकाकांचा हॉल."

त्याने गुपचूप शेगडीवर कापड टाकलं.

आता ताई त्या भगदाडात गणपती बसवते. पाहुणे विचारतात, "वा, खास बाप्पासाठी बांधलंत?"

भाऊजी हात जोडतात, "त्याचीच इच्छा!"