धनजीभाईंची काळी माती

भुजहून सत्कार घेऊन परतताना धनजीभाई भचाऊच्या बसस्टँडवर बसले होते. पाठीमागच्या बाकड्यावर मेंढ्या राखणारं एक म्हातारं रबारी जोडपं येऊन टेकलं. आवाज ओळखीचे निघाले, तसं धनजीभाईंनी मागं वळून बघायचं टाळलं.

"अहो, धनजीभाईंच्या मातीत म्हणे साऱ्या तालुक्यापेक्षा जास्त कार्बन निघाला. काल शाल दिली त्यांना."

"कार्बन म्हणजे काय गं?"

"मातीतला कसच म्हणायचा. माती हवेतला धूर जिरवून धरते म्हणे."

"मग निघणारच. त्यांच्या बापापासून आपल्या मेंढ्या त्या रानात बसतायत. लेंड्या काय वाऱ्यावर गेल्या?"

"भाषणात म्हणाले, धसकटं रानात राखली, जनावर आत येऊ दिलं नाही."

"ते यंदाचं. यंदा कुंपण घातलं आणि आपल्याला बांधावरूनच वाटेला लावलं."

"त्यांची आई असती तर ताकाची कळशी घेऊन आली असती."

"अगं, हळू. पुढं बसलेत ते कोण? खांद्यावर नवी शाल आहे."

म्हातारी हळूच म्हणाली,

"चला, पलीकडं उन्हात उभे राहू. आपण इथं असेपर्यंत त्यांना मान वळवता यायची नाही."