पन्नास नंबर

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती, निफाडच्या अलीकडच्या एका मळ्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडपाशी — तुम्ही पन्नास नंबर तेल मागितलंत म्हणून सांगतोय साहेब, एरवी मी हे कुणाला सांगत नाही. फियाट ना तुमची? जुनी. निळा धूर मारते, टॅपेट वाजतात, आणि आज-उद्या कुणीतरी बघायला येणार आहे. नाही, तुम्ही काही बोलला नाहीत. पण पन्नास नंबर मागणारा एकतर ट्रकवाला असतो, नाहीतर गाडी विकणारा, आणि ट्रकवाल्याच्या शर्टाला इस्त्री नसते. बसा. स्टुलावर नको, पँटीला तेल लागेल. त्या खोक्यावर बसा.

जुन्या गाडीला जाड तेल, हे कुणी शिकवलं तुम्हाला? सगळेच शिकवतात. मीसुद्धा शिकवायचो — वीस वर्षं, याच दुकानात, नाशकात द्वारकेच्या नाक्यावर. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तेल वर चढतं, जळतं, धूर होतो. जाड तेल ओतलं की धूर बसतो, आवाज बसतो, चार दिवस इंजिन शहाण्यासारखं वागतं. हा काय इलाज आहे? हा बुरखा आहे. इलाज म्हणजे रिंगा बदला. नसेल बदलायच्या तर चाळीस नंबर घाला, किंवा ते नवं वीस-चाळीस आलंय ते घाला, आणि धूर दिसतोय तो दिसू द्या घेणाऱ्याला! पण नाही. आणि थंडीचं काय? नाशकात चालून जातं हो, पण निफाडला जानेवारीत पानावरचं दव गोठतं, तिथं पन्नास नंबरची काकवी होते. काकवीत इंजिन फिरतं का? नाही फिरत.

तर गेल्या वर्षी, ब्याऐंशीच्या जानेवारीत, नाथा आला. नाथा म्हणजे गाड्यांचा दलाल, असतो नेहमी इथं, चहा माझा पितो आणि अक्कल मलाच शिकवतो. करडी अ‍ॅम्बॅसेडर घेऊन आला. म्हणाला, यादवशेठ, हिला दोन दिवस गप्प बसवा. मी बसवली. जुनं तेल सोडलं, चेंबर भरून पन्नास नंबर ओतलं, स्टार्ट केली — मांजरीसारखी गुरगुरली. कुठं चालली ते मला काय माहीत? दुकानदाराला काय माहीत असतं?

ती घेतली कारभारी नावाच्या द्राक्षवाल्यानं. आठवड्यात थंडीची लाट आली. लाट आली की मणी तडकतात, म्हणून पहाटे बागेत ओळीओळीनं शेकोट्या पेटवतात, सगळं घर जागं असतं. त्याची बायको चांगुणा घमेल्यातून निखारे नेत होती. अंगावर नायलॉनची साडी. पदर पेटला — पुढचं सांगत नाही. गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवली आणि चावी फिरवली. घर्र. पुन्हा घर्र. मग तेही नाही. हँडल मारलं, दोन-दोन माणसं लटकली हँडलला. ढकलली, तर चाकं मातीत घसरत गेली, इंजिन जागचं हलेना. आणि ती शुद्धीत होती साहेब! आतून ओरडून सांगत होती, “शेकोट्या इझू देऊ नका, मणी तडकतील, कुणीतरी बघा की तिकडं!” शेवटी कुणाला तरी सुचलं, घमेलंभर निखारे आणून चेंबरखाली सरकवले. कुठले निखारे? त्याच बागेतले, दुसरे कुठले असणार? सहा वाजून पाच मिनिटांनी गाडी लागली, नाशकाच्या दवाखान्याकडं निघाली. चांदोरी ओलांडल्यावर तिचं बोलणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, जरा आधी आणायची.

मला कसं कळलं? कारभारीच सांगून गेला. तेरावं उरकून आला होता, डोकं भादरलेलं, गाडी घेऊन. मला वाटलं, आता हा गचांडी धरणार. धरायला हवी होती! तर तो विचारतो, “शेठ, ही सकाळची लागत नाय. कोणतं तेल घालू?” — गिऱ्हाईक म्हणून आला होता हो, तुमच्यासारखा. मी बॉनेट उघडलं, तेल बघायची काडी ओढली. काडीवरून तेल सुटेना. मी ती फडक्याला पुसली आणि म्हणालो, तेल ठीक आहे. बॅटरी दाखवा कुणाला तरी. तो म्हणाला, मग हेच राहू देऊ? मी म्हणालो, राहू द्या. बदलून दिलं असतं तर कबूलच केल्यासारखं झालं असतं ना? पोलिसांनी पंचनामा केला, त्यात पदर पेटून असं लिहिलं, ते खरंच आहे. त्या पंचावन्न मिनिटांचं काय? कुणी विचारलं नाही. मग मी तरी का सांगू — नाथा म्हणाला होता निफाडला चाललीय, म्हणजे काय सगळी जबाबदारी —

काय? मघाशी काय म्हणालो मी? माहीत नव्हतं म्हणालो? माहीत होतं. विचारलं होतं मी नाथाला, ओततानाच विचारलं होतं. निफाडला, म्हणाला. मी बरं म्हणालो आणि ओतत राहिलो. झालं समाधान?

तुमचं गिऱ्हाईक कुठलं आहे? — दिंडोरीचं. अरे वा. बागवाला असेल. बायकामुलं असतील. नाही, मी रागावत नाही, मी कोण रागावणार? माझ्याकडं आहे पन्नास नंबर, त्या फळीवर आठ डबे आहेत, देणार नाही. समोरच्या दुकानात मिळेल, तो काही विचारत नाही. उठा. जा.

ती करडी अ‍ॅम्बॅसेडर कारभारीनं मिरगात परत नाथालाच देऊन टाकली. नाथा मागच्या सीटला नवं कव्हर घालतो, पण आतलं पन्नास नंबर बदलत नाही, वरून ओततो. कुणाला विकली म्हणून मी त्याला चारदा विचारलं. कधी कळवणकडं म्हणतो, कधी येवल्याकडं म्हणतो, कधी आठवत नाही म्हणतो. आज जानेवारीची अकरा तारीख आहे.